वरळीच्या रिकाम्या चाळी

“घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून” अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. घर बांधणारास किती यातायात पडते हें सांगण्यासाठीं ती योजितात. परंतु या म्हणींत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, तिकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. घर बांधणारा आणि त्या घरांत राहणारा हे एकच, असें ती म्हण मानते. पूर्वीं तसें होतेंही. चूल कोणत्या बाजूस असावी, माजघरांत उजेड कोठून यावा, हें घरांतील वडीलधाऱ्यांस व बायामाणसांस विचारल्यावांचून पायाचा दगड बसत नसे. आधुनिक शहरांत ही स्थिति पालटली. पैसा पुरविणारा एक, नकाशा काढणारा दुसरा, बांधणारा तिसरा आणि राहणारा चौथा, अशी वांटणी झाली. आणि या चौथ्यास कांहीं विचारावयाचें असतें याचा इतर तिघांस विसर पडला. या विसराची किंमत काय पडते, याचा एक बोलका दाखला मुंबईच्या इतिहासांत आहे. तो समजून घेण्यास थोडें मागें जावें लागेल.

मुंबईंतील गृहरचनेच्या प्रश्नास सरकारनें खऱ्या अर्थानें हात घातला तो प्लेगानंतर. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांनीं हा रोग ओळखला, आणि पाहतां पाहतां निम्में शहर भीतीनें ओस पडलें. रोगाचें मूळ दाट वस्तींत व कोंदट चाळींत आहे असें ठरून १८९८ सालीं कायद्यानें ‘सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’ हें मंडळ स्थापन झालें. वस्त्या विरळ करणें, समुद्राचा वारा शहरांत खेळेल असे रुंद रस्ते काढणें व नवी वस्ती वसविणें हीं त्याचीं कामें. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, दादर-माटुंगा हीं त्या मंडळाचीं अपत्यें होत. त्यानें शहराचें कल्याण केलें नाहीं असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु एखादी आळी पाडावयाची ठरली म्हणजे नोटीस जाई ती मालमत्तेच्या धन्याकडे. हरकत घ्यावी त्यानें, मोबदला मागावा त्यानें. त्या घराच्या एकेका खोलींत दाटीवाटीनें राहणारा भाडोत्री हा कायद्याच्या हिशेबीं जणूं नव्हताच! घर पडलें कीं तो आपलें बोचकें उचलून शेजारच्या आळींत शिरे, आणि जी गर्दी मोडावयाची ती दोन पावलांवर पुन्हां उभी राही. पुढें ट्रस्टचे अध्यक्ष झालेले ऑर साहेब यांसही ही गोष्ट उमगली होती, व आधीं उपनगरांत जागा मोकळी करावी, मग जुन्या वस्तीस हात लावावा, या मताचे ते पुरस्कर्ते झाले.

दोष एकट्या ट्रस्टचा नव्हता. १८९४ चा जमीन-संपादनाचा कायदा सबंध ब्रिटिश हिंदुस्थानास लागू होता; आणि संपादनच नको असें म्हणण्याचा अधिकार मूळ कायद्यानें कोणास दिलाच नव्हता. “तुमच्या जमिनीची किंमत काय समजतां?” एवढेंच सरकार विचारी; “जमीन द्याल काय?” हा प्रश्न त्यांत नव्हता. हरकतीचें कलम आलें तें १९२३ सालीं, म्हणजे तब्बल एकोणतीस वर्षांनीं, आणि तेंही जमिनींत ज्याचा हितसंबंध आहे त्याच्यापुरतें.

येथें कोणी पेशवाईंतील पुण्याकडे बोट दाखवील. नवी पेठ वसवावयाची म्हणजे सरकार शेटे-महाजनांस कौल देई. कांहीं वर्षें कर माफ, अमुक हक्क, अमुक मानपान, अशा अटी ठरत, आणि त्या पटल्या तरच व्यापारी-उदमी वस्तीस येत. न आल्यास पेठ ओस राहणार, हें सरकार जाणून होतें; म्हणून विचारणें भागच होतें. पण या व्यवस्थेचा फार अभिमान वाहण्याचें कारण नाहीं. कौल मिळे तो ज्याची सरकारास गरज होती त्यास. गांवकुसाबाहेर ज्यांस राहावें लागे त्यांचें मत ना पेशव्यांनीं विचारलें, ना पुढें इंग्रजांनीं. ‘विचारावयाचें’ म्हणजे ‘कोणास विचारावयाचें’, हा प्रश्न त्या काळींही होता व आजही आहे.

ट्रस्टच्या नोटिशीहून निराळी पद्धत असूं शकते, हें याच सुमारास एका परकी पंडितानें आपल्या भूमींत दाखवून दिलें. पॅट्रिक गेडीस हे मूळचे स्कॉटलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ. १९१४ च्या अखेरीस ते हिंदुस्थानांत आले व त्यांनीं अनेक शहरांच्या पाहण्या केल्या. नकाशा काढण्यापूर्वीं गल्ल्यागल्ल्यांतून पायीं हिंडावें, आणि शहररूपी शरीरास कापाकापी करावयाचीच झाली तर ती कमींत कमी करावी, असा त्यांचा आग्रह असे. होळकरांच्या इंदूर शहरासंबंधीं त्यांनीं केलेला अहवाल १९१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्या इंदुरांतील त्यांची एक हकीकत प्रसिद्ध आहे. हातांत नकाशा घेऊन ते हिंडूं लागले, तेव्हां त्यांस पाहून लोक भेदरूं लागले. नकाशावाला साहेब आला म्हणजे घर पडणार, एवढाच अनुभव लोकांच्या गांठीं होता. तेव्हां गेडीस यांनीं दरबाराकडून एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागून घेतला व दिवाळीची मिरवणूक आंखली. जो रस्ता लोकांनीं अधिक झाडून, डागडुजी करून ठेवला असेल त्यानेंच ती जाणार, असा पुकारा झाला. मिरवणुकींत रोगराईचे राक्षस व प्लेगाचा उंदीर यांचीं सोंगें होतीं, आणि शेवटीं त्यांचें दहन. मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून लोकांनीं चुरशीनें घरें साफ केलीं, कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या गांवाबाहेर गेल्या, आणि ज्यास पाहून मुलें पळत त्या म्हाताऱ्या साहेबास पाहून तीं हसूं लागलीं. यांत कोणास मत विचारलें असें म्हणतां येणार नाहीं हें खरें. परंतु शहर सुधारणें हें लोकांचें काम आहे, लोकांवर करावयाचा प्रयोग नव्हे, ही जाणीव त्यांत होती. १९१९ पासून १९२४ पर्यंत हेच गेडीस मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे प्राध्यापक होते.

आणि नेमक्या त्याच वर्षांत, त्याच मुंबईंत, वरळीच्या चाळी उभ्या राहत होत्या!

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईंत घरभाडीं भडकलीं, गिरण्यांतून संप झाले, आणि मजुरांच्या राहण्याची सोय केल्यावांचून शहरास स्वास्थ्य नाहीं असें सरकारास वाटूं लागलें. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनीं १९२० सालीं एक स्वतंत्र विकास खातें उघडलें. समुद्र हटवून जमीन करणें व मजुरांसाठीं पन्नास हजार गाळे बांधणें हे त्याचे मोठे संकल्प. गाळ्यांच्या खर्चाची तोंडमिळवणी करण्यास शहरांत येणाऱ्या कापसाच्या दर गांठीमागें एक रुपया जकात बसविण्यांत आली. नायगांव, डिलाइल रोड, शिवडी व वरळी या चार ठिकाणीं मिळून २०७ चाळी झाल्या. पैकीं १२१ एकट्या वरळीस. तळमजला व वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे चाळींत ऐंशीं, खोली सुमारें १६० चौरस फुटांची, शौचकूप सामायिक. भिंती सीमेंट-काँक्रीटच्या, इतक्या भक्कम कीं शंभर वर्षांनींही त्या उभ्याच होत्या. हेतूंत खोट नव्हती, मालांत नव्हती. तरी घरें भरेनात. वरळीस तर शेंकड्यांनीं खोल्या रिकाम्या पडून राहिल्या, पन्नास हजारांचा संकल्प साडेसोळा हजारांच्या सुमारास थांबला, आणि सुधारणेचें हें प्रकरण कौन्सिलांत व वर्तमानपत्रांत टीकेचा विषय झालें.

असें कां व्हावें? गिरणी-कामगारास कोणी दोन शब्द विचारले असते तर त्यानें तें आधींच सांगितलें असतें. त्याची खोली ही केवळ निजण्याची जागा नव्हती. सातारा, रत्नागिरीकडील एका गांवचे दहापांच गडी मिळून एक खोली घेत. दिवसपाळीचा माणूस उठून गेला कीं रातपाळीचा त्याच जागीं अंग टाकी. जेवण खानावळींत. महिनाभर उधारीवर किराणा देणारा वाणी गल्लीच्या तोंडाशीं; नोकरी लावून देणारा मुकादम जवळच. पहाटेचा भोंगा झाला कीं पायीं फाटक गांठतां आलें पाहिजे. हें सारें सोडून, जेथें ना बाजार, ना वाणी, ना रात्रीं पुरेसा उजेड, अशा आडबाजूस असलेल्या वरळीच्या काँक्रीटच्या खोलींत अधिक भाडें भरून त्यानें कां जावें? अभियंत्यानें हवा मोजली, उजेड मोजला, क्षेत्रफळ मोजलें. माणसाचे संबंध मात्र कोणीं मोजले नाहींत, कारण ते नकाशांत दिसत नाहींत. ते विचारल्यावरच कळतात.

त्यास विचारण्याचा मार्ग तरी कोठें होता? १९२२ च्या सुधारणेनें मुंबई म्युनिसिपालिटीचा मताधिकार दरमहा दहा रुपये भाडें भरणारापर्यंत खालीं आला. त्या काळीं ही मोठीच उदारता मानली गेली. पण कामगाराच्या खोलीचें भाडें बहुधा याहून कमी असे. सरसकट प्रौढ मतदानानें महापालिकेची निवडणूक झाली ती १९४८ सालीं. दैवाचा खेळ असा कीं या घरांस मजूर भाडोत्री मिळाले नाहींत तरी कैदी मिळाले. १९३० च्या कायदेभंगांत तुरुंग अपुरे पडले, तेव्हां सत्याग्रह्यांस कोंडण्यासाठीं सरकारनें वरळीच्या या चाळींचाच तात्पुरता तुरुंग केला.

आतां आम्हां सुशिक्षितांची गोष्ट पाहावी. मुंबईस गांवदेवींत १९१५ सालीं रावबहादुर तालमकी यांच्या पुढाकारानें सारस्वत सहकारी गृहरचना संस्था निघाली. आपल्या देशांतील या प्रकारच्या अगदीं आरंभींच्या संस्थांपैकीं ही एक. राहणारेच सभासद, सभासदच मालक. घरांची आंखणी, भाडें, नियम, सर्व कांहीं सभासदांच्या विचारानें. दादरच्या पारशी कॉलनीचीही गोष्ट तशीच. ट्रस्टच्याच नोकरींतील अभियंते मंचेरजी जोशी यांनीं आपल्या समाजातील मध्यम स्थितीच्या लोकांसाठीं भूखंड राखून घेतले व त्या वस्तीचें संगोपन केलें. त्या वस्त्या तेव्हां भरल्या व आजही नांदत आहेत. फरक सीमेंटचा नव्हता. आम्हांस अर्ज लिहितां येत होता, ट्रस्टच्या कचेरींत आमचा माणूस होता, सभेंत उठून बोलण्याची संवय होती. ज्यास हीं साधनें होतीं त्याचें मत न बोलावतां ऐकलें गेलें. ज्यास नव्हतीं त्याच्या कल्याणाची योजना त्याच्या अपरोक्ष ठरली. प्रस्तुत लेखकाचें बालपण अशाच एका सहकारी वसाहतींत गेलें. आणि आपल्या घरास दोन बाजूंनीं खिडक्या कां आहेत, हा प्रश्न तेथें कधीं मनांत आला नाहीं, हेंही कबूल केलें पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर ही रीत बदलली काय? १९७० सालीं सिडकोची स्थापना होऊन ठाणें खाडीपलीकडे नवी मुंबई वसविण्यास आरंभ झाला. योजना विद्वानांची होती व तिचा हेतु स्तुत्य होता. पण पंचाण्णव गांवांच्या जमिनी जावयाच्या होत्या, आणि तेथील आगरी-कोळी शेतकऱ्यास नव्या शहरांत स्थान कोणतें, याचा उलगडा त्याच्याशीं बसून कोणीं केला नव्हता. जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांत मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या आंदोलनांत गोळीबार होऊन पांच माणसें बळी पडलीं. पुढें १९९० सालीं संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यास परत देण्याचें धोरण आलें. जी गोष्ट आधीं विचारून शांतपणें ठरली असती, ती प्राण गेल्यावर ठरली.

१९६६ च्या महाराष्ट्राच्या नगररचना कायद्यानें आराखडा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविणें बंधनकारक केलें. २०१३ च्या भूमिसंपादन कायद्यानें सामाजिक परिणामांची पाहणी व जनसुनावणी आणली, आणि खाजगी कंपन्यांसाठीं जमीन घेतांना शेंकडा ऐंशीं, तर सरकारी-खाजगी भागीदारींत शेंकडा सत्तर बाधितांची संमति आवश्यक केली. ही प्रगति थोडी नव्हे. तथापि ‘हरकत’ हा शब्दच सांगतो कीं आधीं निर्णय झालेला आहे. तयार आराखड्यावर हरकत घेणें आणि कोऱ्या कागदापाशीं एकत्र बसणें यांत मोठें अंतर आहे. शिवाय संमति मोजतांना प्राधान्य आजही जमीनधारकासच; कूळ, भाडोत्री, पोटभाडोत्री हे त्या गणतींत येत नाहींत.

वरळीच्या चाळींचें पुढें काय झालें? दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत मुंबई फुगली आणि त्या भरल्या. मग लोकांनीं सरकारच्या चौकटींत आपलें जग उभें केलें. व्हरांड्यांत शेजार आला, पटांगणांत कबड्डी व गणेशोत्सव आले, तेथेंच जयंत्या व सभा होऊं लागल्या. जें विकास खात्यानें विचारलें नव्हतें तें रहिवाशांनीं न विचारतां करून घेतलें. शतक उलटतां उलटतां त्या चाळी पाडून तेथें उंच इमारती बांधण्याचें ठरलें. २०१७ सालीं कोनशिला बसली, व १६० चौरस फुटांच्या बदल्यांत ५०० चौरस फुटांचें घर मालकीनें देण्याचें जाहीर झालें. वरवर पाहतां याहून चांगला सौदा कोणता? तरीही सर्वेक्षणास कांहीं ठिकाणीं विरोध झाला, आणि आधीं लेखी करार, मग खोली रिकामी, असा रहिवाशांनीं धरणा धरला. पुष्कळ सुशिक्षितांस हा हट्ट वाटला. ज्यांच्या आजोबांस कोणीं कांहीं विचारलें नव्हतें त्यांनीं विचारल्यावांचून हलूं नये, यांत हट्ट कसला? ऑगस्ट २०२५ मध्यें वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या रहिवाशांच्या हातीं पडल्या. चाळीचा व्हरांडा त्या उंच मनोऱ्यांत कसा जगतो, हें आतां त्यांच्याकडूनच ऐकावयाचें आहे. निदान या वेळीं तरी आपण त्यांच्या दारीं जाऊन तें विचारावें.