मे महिन्यातली लोकर

लहानपणी दर मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं नाशिकला आजोळी जमायचो. दुपारचा कार्यक्रम ठरलेला असायचा. जेवणं झाली की खिडकीला वाळ्याचा पडदा सोडायचा, फरशीवरून ओलं फडकं फिरवायचं आणि पत्त्यांचा डाव मांडायचा. आजी कोपऱ्यातल्या लाकडी खुर्चीत विणत बसलेली असायची. पायाशी पिशवी, पिशवीत लोकरीचा गुंडा आणि शेजारी टाल्कम पावडरचा डबा. हात घामेजले की लोकर सुईवरून सरकत नाही, म्हणून ती मधूनमधून बोटांना पावडर लावायची. बाहेर कडक ऊन आणि आजीच्या मांडीवर स्वेटर! आम्ही तिला जाम हसायचो.

पण मे महिन्यात कुणी लोकर घेऊन का बसेल, हा साधा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. तो पडायला मी अठ्ठावीस वर्षांचा व्हावा लागलो.

यंदा मी तीन आठवड्यांची रजा काढून नाशिकला गेलो. मार्चमधल्या एका सोमवारी आमच्या टीममधल्या चौघांची नोकरी गेली होती. माझी राहिली, आणि त्या चौघांचं कामही माझ्याकडे आलं. आपण लिहितो तो कोड उद्या यंत्र लिहिणार, अशी चर्चा रोज चहाच्या मशीनपाशी व्हायची. रात्री झोप लागत नव्हती. शेवटी आईच म्हणाली, "आजीकडे जा. काही करू नकोस. नुसता बस."

नुसतं बसणं मला जमेना. तिसऱ्या दिवशी मी आजीच्या पिशवीतल्या सुया बाहेर काढल्या. आजी आता ब्याऐंशी वर्षांची आहे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. विणकाम तिनं चार वर्षांपूर्वीच सोडलं. "तू विणणार?" म्हणून ती हसली. मावसबहीण सुट्टीला आली होती, तिनं लगेच फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळी शाळेतला मित्र आला. त्यानं दहा मिनिटं चेष्टा केली आणि अकराव्या मिनिटाला "मला पण दाखव" म्हणाला.

पहिला मफलर मी फोनवर एका अमेरिकन बाईंचा व्हिडिओ बघून सुरू केला. त्यांनी सांगितलं दहा नंबरच्या सुया घ्या, मी आजीच्या दहा नंबरच्या घेतल्या. तीस टाके घातले. दोन दिवसांनी हातात जे आलं ते मफलरच्या निम्म्या रुंदीचं आणि पायपुसण्याइतकं कडक होतं. तपासलं तेव्हा उलगडा झाला. अमेरिकेतली दहा नंबरची सुई सहा मिलिमीटर जाडीची असते, आजीची सव्वातीन मिलिमीटरची. तिकडे नंबर वाढला की सुई जाड होते, आपल्याकडे बारीक.

असं का, हे शोधताना मी रात्री दोनपर्यंत जागलो. खूप दिवसांनी ते जागरण काळजीचं नव्हतं.

आपल्याकडचे सुयांचे नंबर ब्रिटिश तारेच्या मापावरून आले आहेत. धातूची तार बनवताना ती लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढून काढतात. जितक्या जास्त वेळा ओढाल तितकी ती बारीक होते. म्हणून मोठा नंबर म्हणजे बारीक तार. ब्रिटनमध्ये हे माप १८८४ साली कायद्यानं प्रमाण ठरलं आणि त्या मापातली दहा नंबरची तार बरोबर सव्वातीन मिलिमीटरची आहे. ब्रिटननं पुढे मिलिमीटर स्वीकारले, पण आपल्या दुकानांत अजून जुनेच नंबर चालतात. सुयांवरचं हे विणकाम आपल्याकडे कुठून आलं, याचा पुरावा आजीच्या पिशवीतच होता.

मराठीत आपण सगळ्यालाच विणणं म्हणतो. पैठणी विणतात, खाट विणतात, जाळं विणतात आणि स्वेटरही विणतात. पण मागावरचं विणणं आणि सुईवरचं विणणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मागावर उभ्या धाग्यांतून आडवा धागा जातो. सुयांवर मात्र एकच धागा असतो, तो स्वतःच्याच फासात अडकत पुढे जातो. त्यात टाके दोनच, सुलट आणि उलट. खरं तर तेही दोन नाहीत. जो टाका समोरून सुलट दिसतो तोच मागून उलट दिसतो. एवढ्या भांडवलावर मोज्याची टाच, बाळाची कुंची आणि स्वेटरचा गळा उभा राहतो.

मागावरचं कापड हजारो वर्षं जुनं आहे. त्या मानानं सुयांवरचं विणकाम फारच तरुण. दोन किंवा जास्त सुयांवर विणलेल्या ज्या सर्वांत जुन्या वस्तू सापडल्या आहेत, त्यांत इजिप्तमधले मोजे आणि त्यांचे तुकडे आहेत. ते साधारण अकराव्या शतकापासून पुढचे, पांढऱ्या आणि निळ्या सुती धाग्याचे. इजिप्तच्या कोरड्या वाळूमुळे ते टिकले. त्याहून जुने, तिसऱ्या ते पाचव्या शतकातले, अंगठा वेगळा असलेले लोकरी मोजेही तिथं सापडले, पण त्यांची रीत निराळी, एका सुईची. म्हणजे शून्याचा शोध लागून गेला, अजिंठ्याची लेणी कोरून झाली, तरी आजी ज्याला विणकाम म्हणते त्याचा मागमूस मिळत नाही.

किंवा मागमूस उरला नाही. इतकं कमी का सापडतं, हे आजीनं मला नकळत सांगितलं. माझा कडक मफलर हातात घेऊन तिनं शेवटचा टाका सोडवला आणि धागा ओढला. सर्रकन सगळं उसवलं. दोन दिवसांचं काम अर्ध्या मिनिटात पुन्हा गुंडा झालं. "लोकर कुठं गेलीय? पुन्हा घाल टाके," ती म्हणाली. आई आणि मावशी वाढत्या वयाच्या होत्या तेव्हा ती दर दोन वर्षांनी त्यांचे स्वेटर उसवायची, लडी करून धुवायची, वजन लावून वाळवायची आणि नवा रंग जोडून मोठा स्वेटर विणायची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४१ पासून कपड्यांचं रेशनिंग होतं, तेव्हा सरकारच बायकांना जुने स्वेटर उसवून नवे करायला सांगत होतं. विणलेली वस्तू झिजते, तिला कसर लागते, किंवा तिची दुसरी वस्तू होते. मग इतिहासकारांना सापडणार काय?

जे लिहिलेलं सापडतं त्यात दुसरीच गंमत आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकानंतर युरोपातल्या अनेक शहरांत मोजे आणि टोप्या विणणाऱ्या कारागिरांचे संघ होते. तिथले उस्ताद बहुतेक पुरुष. उमेदवारी करायची, परीक्षेसाठी नमुना विणून दाखवायचा, मग धंद्याचा हक्क मिळायचा. त्याच काळात घरोघरी बायका आणि मुलं तेच टाके घालत होती. संघातल्या पुरुषाच्या हातात सुया असल्या की तो व्यवसाय, चुलीपुढच्या बाईच्या हातात असल्या की फावल्या वेळातलं काम.

१५८९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम ली नावाच्या पाद्र्यानं मोजे विणायचं यंत्र बनवलं. गोष्ट अशी सांगतात की एलिझाबेथ राणीनं त्याला पेटंट नाकारलं, कारण हातानं विणून पोट भरणाऱ्या गरिबांचं काय होईल याची तिला काळजी होती. ली फ्रान्सला गेला आणि तिकडेच वारला. यंत्र मात्र राहिलं. सव्वादोनशे वर्षांनी, १८११ साली, याच यंत्रावर काम करणाऱ्या नॉटिंगहॅमशायरच्या कामगारांनी रात्री हातोडे घेऊन यंत्रं फोडायला सुरुवात केली. हेच ते लडाइट. आमच्या ऑफिसात नव्या तंत्रज्ञानाला नाक मुरडणाऱ्याला चिडवायला हा शब्द वापरतात. पण ते यंत्राचे अडाणी शत्रू नव्हते. यंत्र चालवणं हाच त्यांचा पेशा होता. रुंद यंत्रांवर कापड काढून, ते कापून, शिवून स्वस्तातले तकलादू मोजे विकायचे आणि त्या नावाखाली मजुरी पाडायची, यावर त्यांचा राग होता. सरकारनं १८१२ मध्ये यंत्र फोडणाऱ्याला फाशीचा कायदा आणला. चोवीस वर्षांच्या कवी बायरननं उमरावांच्या सभागृहातलं आपलं पहिलं भाषण त्या कायद्याच्या विरोधात केलं. कायदा झालाच. हे वाचल्यापासून चहाच्या मशीनपाशी मी तो शब्द वापरत नाही.

आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या आणि पुढे मुलींच्या इतर शाळांमध्ये वाचन-लेखनाबरोबर शिवण आणि विणकाम आलं. १८७६ साली कानपुरात लोकरीची गिरणी सुरू झाली. तिच्या 'लाल इमली' या नावाची लोकर आजीला अजून आठवते. मिशनऱ्यांबरोबर क्रोशाही आला आणि आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर भागात तर क्रोशाच्या लेसचा मोठा धंदा उभा राहिला. घरात बसून बायका लेस विणायच्या आणि ती परदेशात जायची. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथं राहून अभ्यास केला आणि १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: या बायका जगाच्या बाजारासाठी राबत होत्या, पण त्यांना कामगार म्हणायला कुणी तयार नव्हतं. त्या गृहिणी, आणि लेस म्हणजे रिकाम्या वेळातला उद्योग. काम रिकाम्या वेळातलं ठरलं की मजुरीही तशीच ठरते.

हे मी दुपारी मोठ्यानं वाचून दाखवत होतो. मावशी मटार सोलत बसावं तशी शांतपणे माझा गुंता सोडवत होती. ती उठली, कपाटातून एक लांबट वही घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

वहीच्या पुढच्या पानांवर नक्षी लिहिलेली होती. "ओळ १: २ सु. २ उ., शेवटपर्यंत. ओळ ५: टाके वाढव." चक्क प्रोग्राम, चुकांच्या दुरुस्त्यांसकट. मी खूश होऊन फोटो काढायला लागलो. मावशी म्हणाली, "मागून उघड."

मागून हिशेब होता, १९७१ ते १९८६. तीन रकाने: नाव, लोकर, मजुरी. लहान मुलाचा बिनबाह्यांचा स्वेटर, आठ रुपये. शेवटच्या पानांवर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा, पंचवीस. पानामागून पान. गल्लीतली, आजोबांच्या ऑफिसातली, दवाखान्यातल्या नर्सबाईंची नावं. "तुझ्या आईची बी.एस्सी.ची फी यातूनच गेली," मावशी म्हणाली. मी आईला फोन लावला. ती क्षणभर गप्प झाली, मग म्हणाली, "हो की. तुला कधी सांगितलं नाही का?"

नव्हतं सांगितलं. आणि मी विचारलंही नव्हतं. आजीला विणायची आवड आहे, एवढंच मला ठाऊक होतं.

"मग मे महिन्यात का विणायचीस?" मी आजीला विचारलं.

"अरे, थंडी पडल्यावर सुरू केलं असतं तर गिऱ्हाइकानं स्वेटर घालायचा कधी, होळीला? आणि मे महिन्यात शाळेचे डबे नसायचे. तेवढेच हात मोकळे."

आमच्या सुट्टीत तिचा हंगाम चालायचा.

"म्हणजे ते काम होतं. आवड नव्हती?"

"आवड होतीच की. आवड असली म्हणून मजुरी घ्यायची नाही होय?"

मी वही पुन्हा चाळली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. मधूनमधून घरचीच नावं होती. आई, मावशी, मामा, आजोबा. एका पानावर "कुंची, धाकटीची." या नावांपुढे लोकरीचं वजन होतं आणि मजुरीच्या रकान्यात एक आडवी रेघ. मी विचारलं, "घरच्यांकडून पैसे घ्यायचे नव्हते, तर लिहिलंस कशाला?"

आजीनं चष्मा पुसला. "लोकर गेली ना त्यात. दिवसही गेले. लिहायला नको?"

रजा संपायला चार दिवस असताना माझा दुसरा मफलर पुरा झाला. आठ नंबरच्या सुया, चाळीस टाके, दोन सुलट दोन उलट. मध्ये एके ठिकाणी टाका निसटलाय, ते भोक मित्रानं लगेच बोट घालून दाखवलं. आजीनं मफलर मांडीवर पसरून बोटांनी चाचपला आणि मावशीला वही आणायला सांगितली. १९८६ नंतरची पानं कोरीच होती. "तूच लिही, मला दिसत नाही," ती म्हणाली.

मी माझं नाव लिहिलं. लोकर, दोनशे ग्रॅम. मजुरीच्या रकान्यापाशी थांबलो.

"रेघ ओढू?"

"किती दिवस लागले?"

"नऊ."

"मग नऊ दिवस लिही," आजी म्हणाली.