सहानुभूतिदर्शक संप

स्वतःच्या मालकाशी तंटा नसताना दुसऱ्या कारखान्यातील वा उद्योगातील कामगारांना बळ देण्यासाठी केलेला संप. यास पाठिंब्याचा संप असेही म्हणतात. संप चालू असलेल्या ठिकाणचा माल न हाताळणे, संपनिधीला पैसे देणे ही त्याची जवळची रूपे होत. स्वीडनमध्ये २०२३ साली टेस्लाच्या कामगारांच्या संपाला पाठिंबा म्हणून गोदी कामगारांनी त्या कंपनीच्या मोटारी उतरवण्यास नकार दिला. ब्रिटनमध्ये १९९० पासून अशा कृतीला कायद्याचे संरक्षण जवळजवळ उरलेले नाही.

मुंबईच्या कापड गिरण्यांतील मोठा कामगारवर्ग जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून (आजच्या सिंधुदुर्गासह) आलेला होता. एकाच गावचे चाकरमानी गावकीच्या खोलीत एकत्र राहत, पण कामाला वेगवेगळ्या गिरण्यांत जात. त्यामुळे एका गिरणीतला संप दुसरीत सहज पोचे. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची शिक्षा झाली. त्यावर गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस संप केला. टिळक कामगार नव्हते, म्हणून काटेकोर अर्थाने हा राजकीय संप; मात्र स्वतःसाठी काही न मागता मजुरी बुडवण्याचे हे ठळक उदाहरण आहे. १९८२ च्या गिरणी संपात अनेक संपकरी कोकणात परतले आणि गावच्या आधारावर तग धरून राहिले.

भारतात सहानुभूतिदर्शक संपाला १९२९ च्या एका कायद्याने पहिली वेसण घातली. आपल्या उद्योगातील तंट्याबाहेरचा हेतू असलेला आणि जनतेला दीर्घकाळ हाल सोसायला लावून सरकारला नमवू पाहणारा संप त्याने बेकायदा ठरवला. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमातील संपाच्या व्याख्येत कारणाची अट नव्हती. तथापि दिमाकुची चहामळा खटल्यात (१९५८) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की दुसऱ्या व्यक्तीविषयी औद्योगिक विवाद उभा करायचा तर कामगारांचा त्यात प्रत्यक्ष किंवा भरीव हितसंबंध हवा. संप हा मूलभूत हक्क नसल्याचे त्याच न्यायालयाने १९६२ मध्ये स्पष्ट केले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत संपापूर्वी किमान १४ दिवसांची नोटीस लागते. निम्म्या वा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजाही संपच गणली जाते. बेकायदा संपाला जाणूनबुजून पैसे पुरवण्यास जुन्या कायद्याप्रमाणे याही संहितेत मनाई आहे. परिणामी तातडीच्या पाठिंब्यासाठी कामगार संघटनांना निदर्शने, काळ्या फिती आणि कायदेशीर संपाला वर्गणी एवढेच सुरक्षित मार्ग उरतात.