नाव पुसलेला माउथपीस

परवा एका वादकमित्राने सॅक्सोफोनचा जुना माउथपीस दाखवला. एबोनाइटचा, उन्हाने हिरवट पडलेला. त्यावर ना नाव, ना आकडा.

"कधीचा असेल?" मी विचारलं.

"वाजवून बघू."

त्याने रीड बांधली, फुंकर घातली. सूर मऊ, गोल निघाला.

अडॉल्फ सॅक्सने १८४६ साली पॅरिसला या वाद्याचं पेटंट घेतलं, तेव्हा माउथपीसची आतली पोकळी प्रशस्त आणि गोल असे. पुढे १९३०-४० च्या दशकांत नाचाच्या मोठ्या बँडमध्ये ट्रम्पेटपुढे सॅक्सोफोन ऐकू यायला हवा होता. मग पोकळी अरुंद झाली, सूर धारदार झाला.

म्हणजे हा बहुधा जुन्या घडणीचा. साल सांगता येत नाही. घडवणाऱ्याचं नाव पुसलं गेलं. त्याने कोरलेली पोकळी मात्र अजून बोलते.