श्यामचं रडणं आणि टॉमचं न रडणं

मराठी मुलग्याला लहानपणी दोन गोष्टी हमखास ऐकाव्या लागतात. एक म्हणजे 'मुलींसारखा रडतोस काय?' आणि दुसरी, 'श्यामची आई वाचलंस का?' आमच्या केमलाही वेगळं नव्हतं. गंमत अशी की या दोन्ही गोष्टी सांगणारा माणूस बरेचदा एकच असायचा. न रडण्याचा उपदेश करायचा आणि हातात द्यायचं ते मराठीतलं सगळ्यात जास्त रडवणारं पुस्तक!

न रडणारा शाळकरी हीरो बघायचा तर थेट इंग्लंडला जावं लागतं. थॉमस ह्यूजची 'टॉम ब्राऊन्स स्कूल डेज' 1857 सालची. शाळेच्या गोष्टी त्याआधीही होत्या, पण इंग्रजी शालेय कादंबरीचा साचा पक्का केला तो हिने. टॉम रग्बीच्या शाळेत निघतो तेव्हा बापलेकांत आधीच ठरलेलं असतं, आता पापे घेणं बंद, हात मिळवायचा. घशात आवंढा आला तरी गिळायचा. ही पोरं पुढे साम्राज्याचे अधिकारी होणार, त्यांना ही तालीम हवीच होती. तरी शेवटी हेडमास्तर अर्नोल्ड गेल्याचं कळल्यावर (ते 1842 साली वारले) टॉम शाळेच्या प्रार्थनामंदिरात एकटाच येतो आणि डोकं हातात धरून कळवळतो. म्हणजे दुःखाला बंदी नव्हती, चारचौघांत दाखवायला होती.

याच्या अगदी उलट इटलीचं 'कुओरे', 1886 सालचं. तूरिनमधल्या एका मुलाची वर्षभराची शाळेची डायरी. इथे मास्तर, आईबाप, पोरं सगळेच मोकळेपणी डोळे पुसतात.

आता आपले साने गुरुजी. अमळनेरला सहा वर्षं शिक्षक होते, छात्रालय सांभाळायचे. 1930 साली नोकरी सोडून सत्याग्रहात पडले. 'श्यामची आई' लिहिली नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी 1933 मध्ये, अवघ्या पाच दिवसांत. लिहिताना आपलं मन पुन्हा पुन्हा भरून आलं, वाचणाऱ्याचंही येवो, असं ते सुरुवातीलाच सांगून टाकतात. म्हणजे रडू येणं हा या पुस्तकाचा अपघात नाही, उद्देशच आहे. 'रडका लेखक' हा शिक्का मात्र त्यांच्यावर कायमचा बसला.

पण पोहण्याची गोष्ट आठवून बघा. श्याम पाण्याला घाबरून लपून बसतो. आई त्याला ओढून काढते, चांगली बडवते आणि विहिरीवर पाठवते. नंतर तो वळ दाखवतो तेव्हा तिचेच डोळे भरतात. लोकांनी तुला भित्रा म्हणू नये, एवढीच तिची तळमळ. धीट तर व्हायचंच, पण त्यासाठी डोळे कोरडे ठेवायची अट नाही. टॉमच्या जगात ही सोय नाही. तिथे आधी आवंढा गिळायचा, मगच शूर.

नंतर आला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बन्या, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा. त्याला रडायला वेळच नाही! आमच्या पिढीला तो जास्त जवळचा वाटला, हे खरं. आणि मग श्याम आपोआपच मुळूमुळू ठरला.

पण गुरुजींच्या धाडसाचा पुरावा आमच्याच सोलापूर जिल्ह्यात आहे. केमहून रेल्वेने कुर्डुवाडी आणि तिथून पंढरपूर. तिथे 1 मे 1947 ला गुरुजी विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून आमरण उपोषणाला बसले. सनातन्यांचा विरोध होता. खुद्द गांधीजींनीही उपोषण थांबवायला सांगितलं होतं. गुरुजी हलले नाहीत. 10 मेला उपोषण सुटलं ते मंदिराचा रस्ता मोकळा झाल्यावरच. सहज डोळे भरून येणारा हाच तो माणूस, आणि जिवावर उदार होणाराही तोच.

मला तर वाटतं, ही दोन माणसं नव्हतीच. ज्याला दुसऱ्याचं दुःख इतकं लागतं, तोच त्यासाठी दहा दिवस उपाशी राहू शकतो. आवंढा गिळायला शिकलेला टॉम स्वतःचं दुःख उत्तम सांभाळतो, पण दुसऱ्याच्या दुःखाचं काय करायचं, हे त्याला त्या शिकवणीतून कळत नाही.

असो. घरात शाळकरी मुलगा असेल आणि तो रडला, तर 'मुलींसारखा' म्हणण्याआधी एकदा विचारा, कशासाठी रडतोयस? उत्तर स्वतःपुरतं आहे की दुसऱ्यासाठी, एवढं तरी कळेल.