सरवा : शेतात उरलेल्या अन्नाचा परदेशापर्यंतचा प्रवास

सुगी संपल्यावर शेतात मागे राहिलेली कणसे, लोंब्या वा शेंगा यांना मराठीत ‘सरवा’ म्हणतात. मालकाची कापणी आटोपली की गोरगरिबांनी शेतात यावे व हा सरवा वेचून न्यावा, ही रीत अनेक देशांत फार प्राचीन आहे. बायबलच्या मराठी भाषांतरातही हाच शब्द योजलेला आढळतो. कॅनडातील काही स्वयंसेवी ख्रिस्ती गटांनी या रीतीला नवे रूप दिले असून शेतात उरलेला भाजीपाला वाळवून ते परदेशातील भुकेल्यांपर्यंत पोहोचवितात. या कार्याची पार्श्वभूमी, पद्धत व मर्यादा यांचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे.

शास्त्राधार

लेवीय या पुस्तकाच्या १९व्या व २३व्या अध्यायांत शेतकऱ्यासाठी स्पष्ट नियम आहे : शेताच्या कडेचे पीक कापू नये, खाली पडलेला सरवा उचलू नये, तो गरिबांसाठी व परदेशीयांसाठी राहू द्यावा. अनुवाद या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात शेतात विसरलेली पेंढी, जैतुनाची फळे व द्राक्षे यांनाही हाच नियम लावला आहे. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली अशी की, हे उरलेसुरले देऊन टाकणे नव्हे. मालकाने कापणीपूर्वीच आपला हात आखडता घ्यावयाचा आहे. दुसरी अशी की, लाभार्थ्यांत परदेशीयाचा उल्लेख आवर्जून केलेला आहे.

रूथचे चरित्र हे या नियमाचे जिवंत उदाहरण होय. रूथ मवाबी, म्हणजे परदेशी विधवा. सासू नामी हिच्यासह ती बेथलेहेमास येते व पोटासाठी बवाजाच्या शेतात सातूचा सरवा वेचू लागते. बवाज आपल्या गड्यांना सांगतो की, तिला धमकावू नका, उलट पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम गळू द्या. तिला भीक मागावी लागत नाही. ती स्वतः वेचते, झोडते आणि धान्य घरी नेते. देणाऱ्याने घेणाऱ्याची लाज कशी राखावी, याचा हा पाठ आहे.

हक्काचे दान कसे झाले

युरोपात शतकानुशतके सरवा वेचणे हा गरिबांचा रूढ हक्क मानला जाई. फ्रेंच चित्रकार मिले यांनी १८५७ साली कापलेल्या शेतात वाकून सरवा वेचणाऱ्या तीन स्त्रियांचे चित्र रंगविले. ते जगप्रसिद्ध आहे. इंग्लंडमध्ये मात्र १७८८ साली ‘स्टील विरुद्ध हौटन’ या खटल्यात न्यायालयाने असा हक्क कायद्याने कोणालाही नाही, असा निवाडा दिला. पुढे यंत्राने कापणी होऊ लागली. गरीब माणूस शहरात गेला, सरवा शेतातच राहिला. आजच्या बाजारव्यवस्थेत तर आकाराने लहान, वाकडे वा डागाळलेले गाजर अथवा बटाटा चांगला असूनही विकला जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली घरे, उपाहारगृहे व दुकाने यांतून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. ही ग्राहकापर्यंत पोहोचणाऱ्या अन्नाची १९ टक्के नासाडी होय. शेतातच राहिलेले पीक त्यात धरलेलेही नाही.

ओकानागन खोऱ्यातील कार्य

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील ओकानागन खोरे फळबागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील ऑलिव्हर या गावी १९९० च्या दशकात ‘ओकानागन ग्लीनर्स’ ही संस्था उभी राहिली. ‘ग्लीनर’ म्हणजे सरवा वेचणारा. पुढे त्याच प्रांतातील फ्रेझर खोऱ्यात तसेच ऑन्टॅरिओ प्रांतातही अशाच संस्था निघाल्या.

शेतकरी व भाजीचे व्यापारी न विकला जाणारा चांगला माल संस्थेला देतात. सकाळी स्वयंसेवक जमतात. त्यांत निवृत्तांचा भरणा मोठा असतो. लांब टेबलांभोवती उभे राहून ते भाज्या निवडतात, नासका भाग सुरीने काढून टाकतात. मग यंत्रावर बारीक तुकडे करून ते गरम हवेत वाळविले जातात. भाजीत बहुतांश पाणीच असते. गाजरात ते सुमारे ८८ टक्के असते. ते निघून गेल्यावर वजन अगदी थोडे उरते, शीतगृहाची गरज लागत नाही आणि माल दीर्घकाळ टिकतो. निरनिराळ्या भाज्या एकत्र करून सूपचे मिश्रण तयार होते. सुमारे १.३६ किलोच्या एका पिशवीतून जवळपास १०० जणांना पुरेल एवढे सूप होते. या पिशव्या मदतकार्य करणाऱ्या इतर संस्थांमार्फत परदेशी जातात. स्वयंसेवकांचे श्रम विनामूल्य असले तरी इंधन, यंत्रे व वाहतूक यांचा खर्च असतो. तो देणग्यांतून भागतो.

परदेशी पाठविताना

आपल्याकडे जास्त आहे म्हणून पाठविलेली वस्तू प्रत्येक वेळी उपकारक ठरतेच असे नाही. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेला लाल ‘मिलो’ महाराष्ट्राने खाल्ला. त्याने पोट भरले, परंतु त्याची चव लोकांना रुचली नाही, हे जुन्या पिढीकडून आजही ऐकावयास मिळते. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. सर्वस्व गमावलेल्या कोळी कुटुंबांना दुसऱ्यांनी टाकलेले कपडे अंगावर घालणे अपमानास्पद वाटले.

प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. अमेरिकेने १९५४ साली ‘पीएल ४८०’ हा कायदा करून आपले अतिरिक्त धान्य परदेशी पाठविण्यास आरंभ केला. साठच्या दशकात भारताला त्याचा मोठा आधार झाला. परंतु स्वस्त परकीय धान्यामुळे स्थानिक शेतकऱ्याचा भाव पडतो, अशी टीकाही झाली. ‘केअर’ या विख्यात मदतसंस्थेने २००७ साली याच कारणास्तव एक कठीण निर्णय घेतला. अमेरिकी धान्य गरीब देशांच्या बाजारात विकून मिळणारे, वर्षाला सुमारे साडेचार कोटी डॉलर्सचे साहाय्य टप्प्याटप्प्याने सोडून देण्याचे तिने जाहीर केले.

म्हणून जेथे बाजार चालू आहे तेथे पैसे पाठवून स्थानिक माल घेणे बहुधा श्रेयस्कर असते. निर्वासितांच्या छावण्या, युद्धग्रस्त प्रदेश, जेथे बाजारच मोडला आहे, तेथे वाळविलेल्या अन्नाचे मोल फार आहे. सूपच्या मिश्रणात स्थानिक तांदूळ वा डाळ घालून आपापल्या चवीचे जेवण करता येते, हा आणखी एक गुण.

समारोप

अन्न फेकून देणे म्हणजे गरिबाच्या ताटातून चोरणे होय, अशा आशयाचे उद्गार दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ५ जून २०१३ रोजी जागतिक पर्यावरणदिनी काढले होते. अन्न वाचविणे हे अर्धे कर्तव्य झाले. उरलेले अर्धे बवाजाकडून शिकावयाचे आहे. रूथ त्याच्या शेतात आली होती, तिला काय हवे ते त्याला समोर दिसत होते. आज परदेशी आपल्या शेतात येत नाही. आपले अन्न त्याच्याकडे जाते. यास्तव पिशवी भरण्याआधी त्याला काय हवे आहे, हे विचारणे अगत्याचे आहे. असे विचारून, घेणाऱ्याचा मान राखून दिलेला सरवाच शास्त्राला अभिप्रेत आहे.