जडीबुटी देणारे वैद्य, हकीम आणि वैदू : नोंदणी, कायदा आणि रुग्णाने काय तपासावे

झाडपाल्याचे औषध देणारी व्यक्ती पदवीधर वैद्य असू शकते, हकीम असू शकते, आठवडी बाजारात पाल टाकून बसलेला वैदू असू शकतो किंवा गावातलीच काविळीचे औषध देणारी एखादी म्हातारी असू शकते. रुग्णाच्या दृष्टीने हे सगळे ‘जडीबुटीवाले’. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यांच्यात एकच मोठा फरक आहे : राज्याच्या किंवा राष्ट्रीय नोंदवहीत नाव आहे की नाही. तो फरक कसा ओळखावा, तसेच पिढ्यान्‌पिढ्या औषध देणाऱ्या पण नोंदणी नसलेल्या कुटुंबांना कायद्याने काय करता येते व काय करता येत नाही, याची माहिती या पानावर दिली आहे.

(सरकारी मराठीत औषधोपचार करणाऱ्याला ‘वैद्यक व्यवसायी’ म्हणतात. बोलताना हा शब्द कोणी वापरत नाही, म्हणून येथे शक्य तिथे ‘वैद्य’ असेच लिहिले आहे.)

शब्दांमुळे होणारा घोटाळा

‘वैद्य’ हा शब्द व्यवसायासाठी वापरतात आणि ते आडनावही आहे. दारावरच्या पाटीवर ‘वैद्य’ लिहिलेले असणे हा नोंदणीचा पुरावा नाही. ‘वैदू’ ही महाराष्ट्रात भटक्या जमाती (ब) या प्रवर्गात समाविष्ट असलेली जमात आहे. या जमातीचा जातीचा दाखला शिक्षण, शिष्यवृत्ती व आरक्षणाच्या लाभासाठी उपयोगी पडतो; तो औषधोपचाराचा परवाना नाही. काही ठिकाणी जातीचा दाखला चौकटीत लावून रुग्णांना दाखवला जातो आणि त्यावर सरकारी शिक्का असल्याने लोकांचा विश्वास बसतो. शिक्का खरा असतो, पण तो वेगळ्याच कामाचा असतो.

‘हर्बल डॉक्टर’, ‘जडीबुटी तज्ज्ञ’, ‘वनौषधी चिकित्सक’ अशा नावांची कोणतीही नोंदणी भारतात होत नाही. कायदा मान्यताप्राप्त चिकित्सापद्धती ओळखतो. झाडपाला ही चिकित्सापद्धती नाही, ती औषधाची सामग्री आहे.

आजचा कायदा

पूर्वी भारतीय वैद्यक केंद्रीय परिषद अधिनियम, १९७० लागू होता. त्याच्या जागी राष्ट्रीय भारतीय चिकित्सापद्धती आयोग अधिनियम, २०२० आला आणि ११ जून २०२१ पासून आयोगाचे काम सुरू झाले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि सोवा-रिग्पा या चार पद्धती आयोगाच्या कक्षेत आहेत. सोवा-रिग्पा म्हणजे लडाख, सिक्कीम, अरुणाचल या भागांतील हिमालयीन पद्धती. तिच्या वैद्यांना ‘आमची’ म्हणतात (मराठीतल्या ‘आमची’शी याचा संबंध नाही). होमिओपॅथीसाठी स्वतंत्र आयोग आहे.

या पद्धतींत मान्यताप्राप्त पदवी घेणारी व्यक्ती राज्याच्या परिषदेकडे नाव नोंदवते. आयुर्वेदाची पदवी बी.ए.एम.एस., युनानीची बी.यू.एम.एस., सिद्धची बी.एस.एम.एस. आयुर्वेदाचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यानंतर एक वर्ष आंतरवासिता म्हणजे इंटर्नशिप, आणि प्रवेश ‘नीट’ परीक्षेतून. पदवी मिळाली म्हणजे लगेच दवाखाना उघडता येतो असे नाही. नोंदणी ही वेगळी पायरी आहे, आणि तिचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते.

कायद्याच्या कलम ३४ नुसार राज्य किंवा राष्ट्रीय नोंदवहीत नाव नसलेल्या व्यक्तीला पात्र वैद्य म्हणून व्यवसाय करता येत नाही, सरकारी वा निमसरकारी संस्थेत वैद्य म्हणून पद धारण करता येत नाही आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावर सही करता येत नाही. उल्लंघनासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

यातील प्रमाणपत्राचा मुद्दा लाभार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावा. आजारपणाची रजा, कामावर परत रुजू होण्याचा दाखला, विम्याचा दावा किंवा उपचारखर्चाची परतफेड, या सर्व ठिकाणी सही करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक पाहिला जातो. नोंदणी नसलेल्या व्यक्तीने दिलेल्या कागदावर अर्ज नामंजूर होतो. तेव्हा औषधाचे पैसे खर्च झालेले असतात, आजारपणाचे दिवसही निघून गेलेले असतात आणि त्या तारखांचा दाखला नंतर दुसरा डॉक्टर देऊ शकत नाही.

महाराष्ट्रात याखेरीज महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ लागू आहे. त्याच्या कलम ३३ नुसार नोंदणीशिवाय कोणत्याही पद्धतीने वैद्यकीय व्यवसाय करणे हा कारावास व दंडास पात्र गुन्हा आहे. आयुर्वेद व युनानीची नोंदवही मुंबईतील महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन ठेवते.

पदवी नसूनही नोंदणी असू शकते का?

होय, पण हे अपवाद जुने आहेत आणि वर्षागणिक कमी होत चालले आहेत. मुंबई प्रांतात १९३८ च्या कायद्याने देशी वैद्यांची नोंदणी सुरू झाली. त्या काळात व नंतरही काही वर्षे अनुभवाच्या आधारे नावे घेतली गेली. अशा रीतीने राज्याच्या नोंदवहीत आधीच असलेल्या वैद्यांचा हक्क १९७० च्या आणि २०२० च्या कायद्यानेही कायम ठेवला. ज्या राज्यात कायदा लागू होताना नोंदवहीच नव्हती, तिथे किमान पाच वर्षे व्यवसाय करत असलेल्यांनाही त्या राज्यापुरती सवलत आहे. महाराष्ट्रात नोंदवही पूर्वीपासून असल्याने या दुसऱ्या सवलतीचा आधार येथे घेता येत नाही.

‘वडील वैद्य होते, आजोबा वैद्य होते’ हा आधार न्यायालयात टिकलेला नाही. केरळमधील पारंपरिक वैद्यांच्या संघटनेने केलेली मागणी सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २०१८ रोजी फेटाळली आणि मान्यताप्राप्त पात्रता व नोंदणीशिवाय व्यवसाय करता येणार नाही असे स्पष्ट केले. त्याआधी २०१० साली हिंदी साहित्य संमेलन, प्रयाग या संस्थेच्या ‘वैद्य विशारद’ व ‘आयुर्वेदरत्न’ या पदव्यांबाबत निर्णय झाला होता : १९६७ नंतर मिळवलेल्या या पदव्या नोंदणीसाठी ग्राह्य नाहीत. या पदव्यांची प्रमाणपत्रे आजही भिंतींवर दिसतात, म्हणून वर्ष पाहणे आवश्यक आहे.

भिंतीवरचे कागद

नोंदणी समजून लोक फसतात ते कागद साधारण असे : दुकान व आस्थापना नोंदणी (ज्याला सगळे ‘गुमास्ता’ किंवा ‘शॉप अॅक्ट’ म्हणतात), उद्यम प्रमाणपत्र, जीएसटी क्रमांक, एखाद्या खाजगी परिषदेचे सभासदत्व, काही आठवड्यांच्या कोर्सचे प्रमाणपत्र. हे सर्व कागद खरे असले तरी त्यांतील एकही उपचार करण्याचा अधिकार देत नाही. नावात ‘अखिल भारतीय’ आणि ‘परिषद’ असलेल्या खाजगी संस्थांच्या कागदावर अशोकस्तंभासारखी दिसणारी मुद्राही कधी कधी असते, तीही पुरावा नव्हे.

खरी तपासणी थोड्या वेळात होते. वैद्याकडे नोंदणी क्रमांक आणि परिषदेचे नाव मागावे. नोंदणीकृत वैद्याला हा प्रश्न नवा नसतो. चिठ्ठीवर हा क्रमांक असणे अपेक्षितच आहे. नंतर संबंधित राज्य परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक शोधावा, किंवा परिषदेला लेखी विचारावे. नाव जुळले तरी पद्धती, पत्ता आणि नूतनीकरणाची तारीख पाहावी, कारण दुसऱ्याचा क्रमांक वापरण्याचे प्रकारही घडतात.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी भाषकांनी आपण जिथे उपचार घेतो त्या राज्याची परिषद पाहावी. बेळगाव-बिदरकडे कर्नाटक आयुर्वेदिक व युनानी वैद्य मंडळ, इंदूर-बुऱ्हाणपूरकडे मध्य प्रदेशचे आयुर्वेदिक, युनानी व निसर्गोपचार मंडळ, दिल्लीत दिल्ली भारतीय चिकित्सा परिषद. वैद्य मुंबईत नोंदलेला असून दुसऱ्या राज्यात दवाखाना चालवत असेल, तर तिथल्या परिषदेकडेच चौकशी करणे योग्य.

परंपरेने औषध देणाऱ्यांसाठी

आपण स्वतः वैदू असाल, आदिवासी पाड्यावर औषध देणारे भगत असाल किंवा हाड बसवण्याचे काम घराण्यात चालत आले असेल, तर हा भाग आपल्यासाठी आहे. आपले ज्ञान खोटे आहे असे कायदा म्हणत नाही. त्या ज्ञानावर पैसे घेऊन वैद्य म्हणून उपचार करण्याला नोंदणी लागते, एवढेच तो म्हणतो. हा फरक कटू आहे, पण तो माहीत नसल्याने अनेकांवर ‘बोगस डॉक्टर’ म्हणून गुन्हा दाखल होतो. विशेषतः इंजेक्शन, सलाईन किंवा इंग्रजी गोळ्या ठेवल्या तर प्रकरण लगेच गंभीर होते.

भारतीय गुणवत्ता परिषदेने पारंपरिक सामुदायिक आरोग्यसेवा देणाऱ्यांसाठी ऐच्छिक प्रमाणन योजना तयार केली आहे. हाड बसवणे, कावीळ, किरकोळ आजार अशा ठरावीक विषयांत ज्ञान व हातोटीची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र दिले जाते. त्याने ओळख आणि प्रतिष्ठा मिळते. ते कलम ३४ खालील नोंदणीची जागा घेत नाही. हे प्रमाणपत्र मिळवून देतो आणि मग दवाखाना टाकता येईल, असे सांगून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

पक्के हक्क आहेत ते दुसरीकडे. वनहक्क कायदा, २००६ नुसार पात्र वनवासींना गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क आहे आणि गौण वनोपजात औषधी वनस्पती, मुळ्या व कंद येतात. त्याच कायद्यात समाजाच्या पारंपरिक ज्ञानावरील हक्कही मान्य केला आहे. जैविक विविधता कायदा, २००२ खाली गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपले वनस्पतीविषयक ज्ञान तिच्यात कोणत्या स्वरूपात नोंदवावे आणि काय गुप्त ठेवावे, हे समितीत बसून ठरवावे. बाहेरच्या माणसाला पाककृतीसारखे सर्व सांगून टाकण्याआधी ही चौकशी करावी. औषधी वनस्पतींच्या लागवडीसाठी राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या योजना आहेत. त्यासाठी वैद्य असण्याची अट नाही.

पुडी, बाटली आणि लेबल

औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० नुसार आयुर्वेदिक, सिद्ध व युनानी औषध विक्रीसाठी तयार करायला परवाना लागतो. वैद्य किंवा हकीम स्वतःच्या रुग्णापुरते औषध बनवत असेल तर त्याला हा उत्पादन परवाना लागत नाही. म्हणून दवाखान्यात मिळालेल्या पुडीवर लेबल नसणे हा आपोआप गुन्हा ठरत नाही. तीच पुडी बाजारात किंवा कुरिअरने सर्वांना विकली जात असेल तर परवाना हवाच. अशी औषधे विकणाऱ्या दुकानाला मात्र केंद्रीय कायद्याने वेगळा विक्री परवाना लागत नाही, त्यामुळे दुकानदाराचा सल्ला हा वैद्याचा सल्ला समजू नये.

बाटलीवर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी व मुदत पाहावी. त्याऐवजी केवळ अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक असेल, तर ते औषध नसून खाद्यपदार्थ आहे आणि त्याने आजार बरा होतो असा दावा करता येत नाही.

औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या परिशिष्टात मधुमेह, कर्करोग यांसह ५४ आजार व स्थिती दिल्या आहेत. त्या बऱ्या करण्याची जाहिरात करणे गुन्हा आहे, मग जाहिरात करणारा नोंदणीकृत असो वा नसो. ‘शुगर मुळापासून बंद’ अशी भित्तिपत्रके एसटी स्टँडवर सर्रास दिसतात, ती या कायद्याच्या विरुद्धच आहेत.

तक्रार कोठे करावी

नोंदणी नसलेली व्यक्ती उपचार करत असेल तर तालुका आरोग्य अधिकारी किंवा पोलीस ठाणे, शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग. नोंदणीकृत वैद्याने गैरवर्तन केले असेल तर राज्य परिषद. औषधात भेसळीची शंका असेल तर अन्न व औषध प्रशासन. फसव्या जाहिराती आणि औषधाचे दुष्परिणाम आयुष मंत्रालयाच्या ‘आयुष सुरक्षा’ पोर्टलवरही कळवता येतात. पैशाच्या फसवणुकीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. उरलेली पुडी, चिठ्ठी, पावती आणि मोबाइलवरचे संदेश फेकू नयेत. गुडघेदुखीच्या पुडीने दोन दिवसांत चमत्कारिक आराम पडला, तर त्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता धरून पुडी डॉक्टरांना दाखवावी. औषध आधी बरेच दिवस घेतले असेल तर ते एकदम बंद न करता डॉक्टरांना विचारून बंद करावे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*घरी आजीने काढा दिला तर तोही गुन्हा का?* नाही. कायदा व्यवसायाबद्दल आहे, घरगुती उपायांबद्दल नाही.

*काविळीचे औषध गावातच घेतले तर चालेल का?* कावीळ हे लक्षण आहे. कारण यकृताचा संसर्ग, पित्ताशयातील खडा किंवा आणखी काही असू शकते आणि ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करावी. गरोदर स्त्रीला कावीळ दिसली, किंवा रुग्ण गुंगीत असेल, तर थेट रुग्णालयात न्यावे.

*साप चावल्यावर वैदूकडे नेले तर?* वेळ जातो. सर्पविषावरील लस सरकारी रुग्णालयात मिळते. १०८ वर फोन करावा, चावलेला अवयव हलवू नये, चिरा देऊ नये, घट्ट दोरी बांधू नये.

*नोंदणीकृत आयुर्वेद वैद्य मोफत कोठे मिळेल?* आयुष आयुष्मान आरोग्य मंदिर, शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाचे रुग्णालय, तसेच जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांतील आयुष विभाग. तेथे केसपेपर काढून घ्यावा; त्यावरील नोंदच पुढे दाखल्यासाठी लागते.