नेवाळीची खडी

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं, नगर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातलं. पावसाने दगा दिला की धडधाकट माणसं माळशेज घाटाने खाली उतरत. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईच्या दिवसांत आजोबाही असेच कल्याणकडे गेले आणि नेवाळीच्या विमानतळावर खडी फोडू लागले.

मार्च 1942 मध्ये रंगून पडलं, एप्रिलमध्ये विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले. सरकारने देशभर धावपट्ट्या बांधायचा सपाटा लावला. भारत संरक्षण कायदा हाताशी होता. जमीनमालकाच्या होकाराची वाट कोण बघतो! मलंगगड रस्त्यावरच्या नेवाळी आणि आसपासच्या गावांची सुमारे 1600 एकर जमीन गेली.

आजोबा सांगत, खडी ठरल्या मापाचीच लागे. मोठा तुकडा दिसला की मुकादम अख्खा ढीग लाथेने उधळी, मजुरी बुडे. त्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख हातोडीखाली गेलं, ते पुढे वाकडंच उगवलं. ते दाखवत म्हणायचे, "आम्ही खडी पसरायचो, खाली भाताचे बांध दिसायचे. ज्यांचे बांध, ती माणसं कडेला उभी राहून बघायची. त्यांचा घास आमच्या पोटात चालला होता."

1945 ला लढाई संपली, विमानं गेली. लोक पुन्हा जमीन कसू लागले, पण कागदावर ती संरक्षण खात्याचीच राहिली. गावकरी म्हणतात, लढाईपुरती घेतली होती, परत द्या. नौदल म्हणतं, जमीन आमची. नौदलाने कुंपणभिंत घालायला घेतली आणि ऐन पेरणीच्या दिवसांत, 22 जून 2017 रोजी, गावं रस्त्यावर उतरली. गाड्या जळाल्या, पोलिसांनी छर्रे झाडले, दोन्हीकडची माणसं जखमी झाली. जाळपोळ मला मान्य नाही. पण आपल्या भातात भिंत उभी राहताना गप्प कोण बसेल?

लष्कराला जागा लागते, हे आम्हा नगरकरांना कुणी शिकवायला नको. आमच्याकडच्या के. के. रेंज या लष्कराच्या सराव मैदानावरच्या तोफा ऐकतच आम्ही वाढलो, आणि जमीन जाण्याची धास्ती तिथल्या गावांनाही ठाऊक आहे. म्हणून सरकारकडे एवढंच मागणं आहे: नेवाळीचे युद्धकाळातले कागद बाहेर काढा. कुणाची किती जमीन, कोणत्या अटीवर घेतली, मोबदला किती दिला, हे ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवा. भिंतीचं काय ते त्यानंतर ठरवा.